एलपीजीचा व्हेंच्युरी बर्नर: दिवाळी ते होळी, काशाच्या भट्टीवर

या बर्नरचं तोंड जानेवारीत गेलं. आधी त्यावर काळे खवले धरले, मग कडा वेडीवाकडी झाली, आणि एका ओतकामात त्याचा पापुद्रा सुटून मुशीत पडला. तो मळीबरोबर वर तरंगला म्हणून काढता आला. पण वाकलेल्या तोंडामुळे ज्योत एका अंगाला झुकली होती आणि अधूनमधून फट् आवाज करून नळीत मागे शिरत होती. वॉरंटी एक वर्षाची. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, तोंड ‘झिजणारा भाग’ आहे, ते वॉरंटीत बसत नाही. त्या उत्तरावर मी अजून रागावलेली आहे आणि हा अनुभव लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे.

मॉडेल बहुतेकांना माहीत असेल: सव्वा इंची नळी, गॅसचा झोत सोडणारा बारीक भोकाचा पितळी जेट, मागे हवेची फिरती चकती, पुढे पसरट तोंड, हवा फुंकणारा पंखा म्हणजे ब्लोअर नाही, झोतच हवा ओढून घेतो (व्हेंच्युरी तो हाच). त्यामुळे वर्णन करत बसत नाही. आमचं इंदूरला सांवेर रोडवर छोटं ओतकाम आहे. देवळातल्या घंटा, समईचे भाग, थोडं पितळेचं किरकोळ. भट्टी मी बघते, ओतायचं काम धाकटे दीर करतात. पूर्वी कोक होता. गॅसवर आलो ते धुरासाठी आणि राखेच्या कटकटीसाठी.

पहिले दोन महिने या बर्नरवर मी खूष होते, हे आधी सांगायला हवं. पेटायला सोपा, आणि वीज गेली तरी काम थांबत नाही, कारण हवा गॅसच्या झोतानेच ओढली जाते. ब्लोअरवाल्या बर्नरमध्ये वीज गेली की हवा बंद होते आणि गॅस चालूच राहतो, म्हणून तिथे गॅस आपोआप तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावावाच लागतो. तो खर्च इथे वाचला. तांबं १०८५ अंशांना वितळतं आणि आमचं कासं, ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, त्याच्या बरंच आधी. एवढ्या तापमानाला हा बर्नर कुठेच कमी पडला नाही. एलपीजीची ज्योत हवेबरोबर नीट जळली तर १९०० अंशांच्या वर जाते, म्हणजे उष्णता भरपूर आहे. प्रश्न ती कुठे लागते याचा आहे.

आणि ती लागते तोंडाला. कंपनीच्या कागदावर फक्त ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलंय, ग्रेड नाही. सियागंजातल्या दुकानदाराने चुंबक लावून दाखवला, चिकटत नाही, म्हणजे माल चांगला. या परीक्षेत काही अर्थ नाही. ३०४ ग्रेडच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही आणि ३१० ग्रेडलाही चिकटत नाही, पण ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, तर ३१० मध्ये २५ आणि २०. पुन्हा पुन्हा तापणाऱ्या-थंड होणाऱ्या कामात ३०४ साधारण ८७० अंशांपर्यंतच टिकतं, त्यापुढे खवले धरतं. ३१० हजाराच्या वर जातं. आमची भट्टी आत पांढरट पिवळी होते आणि हे तोंड थेट त्या धगीत बसलेलं. ते खवलणारच होतं. ज्याने हा बर्नर आखला त्याला भट्टीचं तापमान माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. ३१० महाग आहे, एवढंच.

भांडून भांडून कंपनीने नवं तोंड पाठवलं, कुरियरचे पैसे माझ्याकडून घेऊन. अगदी तेच, त्याच पत्र्याचं. महिन्याभरात त्यावर पुन्हा खवले.

ज्योत मागे का शिरते, हे समजून घेतल्याशिवाय तोंडाचं काय करायचं ते ठरत नव्हतं. एलपीजी आणि हवेचं मिश्रण थंड असताना ज्योत त्यात सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगाने सरकते. नळीतलं मिश्रण त्याहून वेगाने पुढे येत असेल तर ज्योत तोंडाशी थांबते. मिश्रणाचा वेग कमी पडला, किंवा नळीचं तोंड तापून मिश्रण आधीच गरम झालं, की ज्योत जिंकते आणि आत घुसते. आमच्याकडे दोन्ही होत होतं. धातू वितळल्यावर आम्ही रेग्युलेटर उतरवून धग धरून ठेवतो, तेव्हा वेग कमी, आणि तोंड लाल झालेलं. सगळे फट् त्याच वेळेचे. पेटवताना किंवा पूर्ण जोरात असताना एकदाही नाही.

हे सांगितल्यावर दीर म्हणाले, ‘‘वहिनी, मग तोंडच कापून टाकू. पसरट आकार हवा ना, तो भट्टीच्या भिंतीत करू.’’

तसंच केलं. पोलोग्राउंडच्या लेथवाल्या काकांकडून पसरट भाग कापून नळी सरळ करून घेतली. भट्टीच्या भिंतीत बर्नर जिथून शिरतो त्या भोकाला आतून कास्टेबलचा, म्हणजे धग सोसणाऱ्या सिमेंटचा, निमुळता आकार दिला: भट्टीकडे जाताना दर १२ मिलिमीटर लांबीला १ मिलिमीटर रुंदी वाढेल इतका उतार. साच्यासाठी लाकडी दट्ट्या काकांनीच लेथवर उतरवला, त्याला मेण चोळून कास्टेबल भरलं, वाळल्यावर ओढून काढला. नळीचं टोक आता भिंतीच्या आत, धगीपासून मागे संपतं. ज्योत जिथे रुंदावते आणि थांबते ती जागा पूर्ण उष्णतारोधक सिमेंटची आहे. ती लाल होऊ दे, पिवळी होऊ दे, तिला खवले येत नाहीत. उलट ती तापली की ज्योत तिथे जास्त पक्की बसते.

तेव्हापासून फट् जवळपास बंद. रेग्युलेटर आधीपेक्षा बराच खाली आणता येतो. ज्योत मुशीच्या अंगावर न आदळता भोवती फिरते, कारण भोक मुळातच तिरकं, भट्टीच्या गोलाईला धरून केलं आहे. याचा खर्च लेथची मजुरी आणि उरलेलं कास्टेबल. कंपनीच्या एका नव्या तोंडाच्या किमतीच्या निम्म्याहून कमी.

मध्ये एकदा जाळीदार तोंडाचाही विचार झाला. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनने १८५५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला प्रयोगशाळेसाठी बर्नर करवून घेतला, त्यात ज्योत एका नळीच्या टोकावर होती. पुढे मेकेरच्या बर्नरमध्ये तोंड रुंद करून त्यावर जाळी आली, म्हणजे एका मोठ्या ज्योतीच्या जागी जवळजवळच्या पुष्कळ बारीक ज्योती. अरुंद फटीत ज्योत थंड पडते आणि मागे जाऊ शकत नाही, डेव्हीच्या १८१५ च्या खाणकामगारांच्या दिव्यातही हेच तत्त्व होतं. पण एलपीजीसाठी ही फट साधारण २ मिलिमीटर इतकी बारीक लागते, आणि बिनब्लोअरच्या झोताला इतक्या बारीक भोकांतून मिश्रण ढकलायचा जोर नसतो. मेणाचे खडू रोवून कास्टेबलची मोठ्या भोकांची चकती करून पाहिली. आवाज खूप कमी झाला, ते फार आवडलं. पण धग धरताना ती चकती तापली की ज्योत मागे आलीच. घंटेच्या कामाला ती सोडून दिली. ब्लोअर असलेल्यांनी जरूर करावी.

आता जेट. पितळी जेटचं भोक जरा बाजूला होतं, नळीच्या मध्यावर नव्हतं. झोत मध्यातून सुटला नाही तर तो हवा एकसारखी ओढत नाही, ज्योतीची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळट राहते. काकांनी नवा जेटधारक मध्यावर धरून केला आणि जेट म्हणून एमआयजी वेल्डिंगची टिप (वेल्डिंगची तार जिच्या भोकातून बाहेर येते ती) बसवली. सियागंजात ती चणे-फुटाण्याच्या भावात मिळते आणि तिचं भोक सरळ असतं. मात्र मोठ्या भोकाची टिप लावून जोर वाढवायचा मोह टाळावा. ०.८ मिलिमीटरचं भोक ०.९ केलं की क्षेत्रफळ सव्वापटीहून जास्त वाढतं, तेवढा गॅसही, आणि तितकी हवा ही नळी ओढू शकत नाही. जेट चोंदला तर त्यात सुई घालू नये, भोक मोठं होतं. एलपीजीत थोडा तेलकट अंश येतो, होजचे कणही सुटतात, तेच अडकतात. जेट काढून मागून हवेने फुंकला की साफ होतो.

यानंतर मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट: हवेच्या चकतीला आटा आहे पण लॉक नाही. बर्नरच्या घरघरीने ती चकती हळूहळू फिरते. एवढीशी गोष्ट, पण घंटेचं काम तिच्यावर अडतं. वितळलेलं तांबं गॅस जास्त असलेल्या ज्योतीतून हायड्रोजन ओढून घेतं आणि घट्ट होताना तो सोडतं, त्याने धातूत बारीक छिद्रं राहतात. समईच्या खांबाला ते चालून जातं, घंटेचा नाद मात्र मरतो. म्हणून आम्ही ज्योत किंचित हवा जास्त ठेवून चालवतो. चकती पाव फेरा मिटली की ते गणित मोडतं, आणि भट्टीच्या झाकणातून नारिंगी जीभ बाहेर येईपर्यंत कळत नाही. महाशिवरात्रीच्या आधी उज्जैनच्या मागणीतल्या दोन घंटा अशाच गेल्या. चकतीमागे एक लॉकनट घातल्यावर हा त्रास संपला. कारखान्यात हा नट घालायला किती लागले असते? दोन रुपये? हजारोंच्या बर्नरमध्ये दोन रुपये वाचवायचे आणि दुसऱ्याचा माल वाया घालवायचा, हे मला पटत नाही.

चकतीचं हे दुखणं थंडीत जास्त दिसलं, त्याचं कारण सिलिंडरमध्ये आहे. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरासा खाली. भट्टी जोरात चालली की सिलिंडर आतून थंड होतो, बाहेर दव आणि कधी बर्फ धरतो, दाब पडतो. शिवाय प्रोपेन आधी निघून जातो, शेवटी ब्यूटेन उरतो. एका भाग प्रोपेनला साधारण २४ भाग हवा लागते, ब्यूटेनला ३१. म्हणजे सिलिंडर संपत येतो तेव्हा तीच चकती, तेच भोक, पण ज्योतीला हवा कमी. आता आम्ही १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर जोडून एकत्र चालवतो, म्हणजे एकेकावर ओढ कमी पडते, आणि शेवटच्या पाव सिलिंडरावर घंटा ओतत नाही, पितळेचं किरकोळ काम काढतो. सिलिंडर तापवणारे आणि आडवा करणारेही पाहिले आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस होजमध्ये येतो. हे कुणीही करू नये.

गॅसच्या खपाबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला सिलिंडर काट्यावर ठेवून वजन मांडायचे आणि जास्त गॅस गेला की बर्नरला दोष द्यायचे. मग हिशेब केला. दहा किलो तांबं थंड अवस्थेतून वितळवायला साधारण साडेसहा हजार किलोज्यूल लागतात. एक किलो एलपीजीत ४६ हजार. म्हणजे हिशेबाने दीडशे ग्रॅम गॅस पुरायला हवा. आमची भट्टी याच्या दसपट खात होती. एवढी तफावत एकट्या बर्नरची असूच शकत नाही, ती झाकणातून आणि भिंतीतून जाते. दाट विटांच्या अस्तरामागे १२६० अंशांचं सिरॅमिक वूल घातलं, आतून कास्टेबलचा पातळ थर दिला, म्हणजे वूलचे तंतू उडून छातीत जाणार नाहीत, आणि झाकणाचं भोक लहान केलं. गॅस जो उतरला तो या कामाने. तोंड बदलल्याने उतरला तो त्यापुढे थोडा. तेव्हा ‘या बर्नरने गॅस वाचतो’ असं कुणी दुकानात सांगितलं तर आधी आपल्या झाकणाकडे बघा.

दोन गोष्टी पुस्तिकेत नाहीत आणि असायला हव्यात. काम झाल्यावर गॅस बंद करताच हवेची चकती पूर्ण मिटावी, नाहीतर भट्टीची धग नळीतून मागे चढते आणि जेट, होज तापतात. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. भट्टी खड्ड्यात असेल, आपल्याकडे बऱ्याच जणांची असते, तर पेटवण्याआधी वास घ्या आणि शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा.

घ्यावा का? नळी जाड आहे, जोड पक्के आहेत, होजची जागा नीट आहे, आणि या किमतीत स्थानिक कारागिराकडून एवढा सरळ ट्यूब होऊन येत नाही. घ्यावा, पण मशीन म्हणून नाही, कच्चा माल म्हणून, आणि लेथची ओळख असेल तरच. कंपनीला मी निमुळत्या भोकाचं माप आणि लॉकनटचं चित्र काढून पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या भट्टीसाठी आणखी एक लागणार आहे, तो तोंडाशिवाय देतात का ते विचारते, आणि दिला तर तोंडाचे पैसे कमी करून घेईन.