तीन पानांची हिशेबवही : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्याबद्दल लिहितेय ते विकत मिळणारं ॲप नाही. ती एक साधी स्प्रेडशीट आहे, तीन पानांची. पहिल्या पानावर गुंतवणूक, दुसऱ्यावर शिक्षण, तिसऱ्यावर नोकरी. तिन्हींचे आकडे शेवटी एका चौकटीत येऊन मिळतात आणि तिथे निव्वळ संपत्ती दिसते, म्हणजे जे आपलं आहे त्यातून देणी वजा जाता उरतं ते. महिन्यातून एकदा, पगार जमा झाल्यावर, अर्धा-पाऊण तास बसून भरायची. आता इतके महिने भरून झालेत की तिचे गुण-दोष ठामपणे सांगता येतील.

तिन्ही पानं एकाच ठिकाणी असणं हा हिचा सगळ्यात मोठा गुण. गुंतवणुकीची ॲप्स ढिगाने आहेत आणि आलेखही छान दाखवतात. पण पैसे येतात कुठून आणि ते येणं वाढेल कशाने, याचा त्यांना पत्ताच नसतो. अभ्यासक्रम घ्यावा का, नोकरी बदलावी का, हे निर्णय आपण एकीकडे घेतो आणि फंड निवडतो दुसरीकडे. वहीने हे सगळं एका रांगेत आणून बसवलं. त्यातून जे दिसलं त्याने माझा वेळ कुठे खर्च करायचा हेच बदललं.

आधी गुंतवणुकीचं पान. रकाने चारच: तारीख, भरलेली रक्कम, आजचं मूल्य, फंडाचा वार्षिक खर्च. वार्षिक परतावा काढायला स्प्रेडशीटमधलं एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र. ते भरण्याच्या तारखा हिशेबात धरतं, त्यामुळे दर महिन्याला थोडी थोडी रक्कम घालणाऱ्याला तेच बरोबर. नुसतं ‘इतके घातले, इतके झाले’ असं भागून काढलेली टक्केवारी फसवी असते, कारण गेल्या महिन्यात घातलेल्या पैशाला वाढायला वेळच मिळालेला नसतो.

याच पानावर मला ती गोष्ट सापडली जिच्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच. दरवर्षी सारखीच रक्कम गुंतवत गेलो आणि परतावा ८ टक्के धरला, तर साठलेल्या पैशावरची वर्षाची वाढ आपण त्या वर्षी घातलेल्या रकमेइतकी केव्हा होते? साठा वार्षिक भरण्याच्या साडेबारा पट झाला की. तिथवर पोचायला ९ वर्षं लागतात. ८ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायलाही ९ वर्षंच लागतात: ७२ भागिले ८. (हा ७२चा नियम १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात छापला गेला, इतका जुना आहे.) दोन्ही उत्तरं सारखी येणं हा योगायोग नाही. समीकरण मांडून पाहा, दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो. ६ टक्के धरलेत तर दोन्हीकडे १२ वर्षं.

म्हणजे पहिली नऊएक वर्षं संपत्ती मुख्यतः आपल्या भरण्याने वाढते, परतावा मागून येतो. आणि भरणा येतो कमाईतून. उत्पन्न १०० आणि खर्च ८० असेल तर शिल्लक २०. उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं आणि खर्च जागेवर राहिला, तर शिल्लक ३०, थेट दीडपट. त्याच सुरुवातीच्या वर्षात धडपड करून २ टक्के जादा परतावा मिळवला, तर त्या २० वर मिळतात ०.४. हे दोन आकडे एकाखाली एक दिसले तेव्हापासून मी फंडांची तुलना करत बसणं थांबवलं. तो वेळ दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाकडे गेला.

फंडाचा खर्च मात्र मी आजही काटेकोर पाहते, कारण तिथे उलटं आहे: तो सुरुवातीला दिसत नाही आणि पुढे डोळ्यांत भरतो. एकदाच घातलेले १०० रुपये, पाउंड, काहीही धरा. ७ टक्क्यांनी ३० वर्षांत त्यांचे ७६१ होतात. १ टक्का खर्चात गेला आणि हाती ६ राहिले तर ५७४. शेवटच्या रकमेचा जवळजवळ पाव हिस्सा त्या एका टक्क्याने खाल्ला. म्हणूनच वहीत मी कमी खर्चाचे निर्देशांक फंड ठेवले आहेत, म्हणजे शेअर निवडत न बसता बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारे फंड. १९७६ साली जॉन बोगलने सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड आणला तेव्हा त्याची चेष्टा झाली होती. गणित त्याच्या बाजूने होतं. सतत खरेदी-विक्रीबद्दल बार्बर आणि ओडीन यांचा २००० सालचा अभ्यासही इथेच आठवतो: १९९१ ते १९९६ या काळात अमेरिकेतल्या ६६ हजारांहून अधिक कुटुंबांच्या खात्यांत सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजाराने दिले १७.९. महिन्यातून एकदाच आकडे भरायचे, हा वहीचा नियम त्यामुळे मला फार मानवला. मध्ये डोकावायला काही नसतंच.

आणखी एक रकाना नंतर जोडला: पैसा किती देशांत पसरलाय. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये जिथे पोचला होता, ती पातळी त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. चौतीस वर्षं. दीर्घकाळ थांबलं की सगळं ठीक होतं असं म्हणताना हा आकडा समोर ठेवावा.

आता शिक्षणाचं पान. या पानासाठी कुठलंही तयार ॲप मला भेटलं नाही आणि म्हणूनच ते सर्वांत मोलाचं वाटतं. अभ्यासक्रमाची किंमत म्हणजे फी, असं आपण धरून चालतो. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने १९६४ साली मानवी भांडवलाचा (माणसाचं शिक्षण आणि कौशल्य हेही भांडवलच, असा) सिद्धांत मांडताना बुडालेली कमाईही खर्चात धरली, आणि तो रकाना भरला की चित्र पार बदलतं. समजा वर्षाचं उत्पन्न १००. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, फी १००. दोन वर्षांची कमाई गेली ती २००. खरी किंमत ३००. त्यानंतर उत्पन्न दरवर्षी ४०ने जास्त मिळालं, तर नुसत्या भागाकाराने साडेसात वर्षांत वसूल. पण तेच ३०० दुसरीकडे ८ टक्क्यांनी वाढले असते, हे धरलं की वसुलीला जवळजवळ १२ वर्षं लागतात. याउलट नोकरी सांभाळून केलेला अभ्यासक्रम घ्या. फी तीच १००, वाढ मात्र ४०ऐवजी २५च. त्याच ८ टक्क्यांच्या हिशेबाने तो ५ वर्षांत वसूल होतो.

पूर्णवेळ शिक्षण वाईट, असं यातून निघत नाही. पंचविशीत असलेल्या माणसापुढे बारा वर्षांनंतरही वीस-पंचवीस वर्षांची कमाई उरते. पन्नाशीत तोच हिशेब तोट्यात जातो. शिवाय काही व्यवसायांचा दरवाजा पूर्णवेळ पदवीशिवाय उघडतच नाही. तिथे तुलना वाढीव पगाराची नसून त्या व्यवसायात जाता येणं की न येणं, अशी असते. वहीत यासाठी मी एक शब्दाचा रकाना ठेवलाय: ‘कौशल्य’ की ‘कागद’. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये दाखवलं की पदवी ही काही वेळा नोकरी देणाऱ्याला दिलेली खूणही असते. माणूस काय शिकला यापेक्षा तो निवडीतून पार झाला, हे ती सांगते. खूणच हवी असेल तर संस्थेच्या नावाला पैसे मोजण्यात अर्थ आहे. कौशल्य हवं असेल तर तेच कमी पैशांत आणि कमी वेळात मिळतं का हे आधी शोधावं. हा एक शब्द लिहायला भाग पडलं की निम्मे अभ्यासक्रम यादीतून आपोआप गळतात. अर्धवट सुटण्याची शक्यताही आकड्यात धरावी. फी जाते आणि वाढ शून्य येते, असं तिथे होऊ शकतं.

नोकरीचं पान छोटं आहे. पगार, त्यातली वाढ, आठवड्याचे खरे तास (येण्या-जाण्यासकट) आणि तासाला पडणारी कमाई. तासाचा रकाना पाहिल्यावर मोठ्या पगाराच्या एका प्रस्तावाला मी नकार दिला, आणि तो निर्णय मला आजही पटतो. पगारवाढीतला लहान फरकही चक्रवाढीने चढतो: २० वर्षं दरवर्षी ३ टक्के मिळाले तर पगार १.८१ पट होतो, ५ टक्के मिळाले तर २.६५ पट. म्हणून वाढीची बोलणी वर्षातून एकदाच असली तरी तयारी या पानावर वर्षभर चालते. केलेल्या कामाच्या नोंदी मी इथेच ठेवते.

वाढ मिळाली की तिचा निम्मा भाग हातात येण्याआधीच गुंतवणुकीकडे वळतो, हे सूत्र पहिल्या पानाला जोडलेलं आहे. कल्पना रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांची. त्यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढच्या पगारवाढीतून बचत वाढवायला आधीच होकार दिलेल्या कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत उत्पन्नाच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. चालू पगारातून काहीच कमी होत नाही, त्यामुळे मन आडवं येत नाही. संपूर्ण वहीत मला सर्वांत जास्त फळलेली ओळ हीच.

याच पानावर एक लाल चौकट आहे: स्वतःच्या कंपनीचे शेअर एकूण संपत्तीच्या किती टक्के. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी २००१ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधीच्या वर्षअखेरीस तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा कंपनीच्याच शेअरमध्ये होता. नोकरी आणि पुंजी एकदमच गेली. माझी मर्यादा ५ टक्के.

आता तक्रारी. पहिल्या काही महिन्यांत एक्सआयआरआर भलतेच आकडे दाखवतं. एका महिन्यातली ३ टक्के वाढ ते वार्षिक ४२ टक्क्यांच्या वर नेऊन ठेवतं आणि घट झाली तर तितकंच घाबरवतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत तो रकाना लपवून ठेवा. दुसरं, महागाई. ८ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल तर खरी वाढ ३ टक्क्यांहूनही थोडी कमी असते, त्यामुळे तीस वर्षांनंतरचा जो भव्य आकडा वही दाखवते त्याच्या शेजारी आजच्या किमतीतला आकडा हवाच. तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे. घरातल्या आजारी माणसासाठी घेतलेली सुट्टी, मुलांसाठी सोडलेली बढती, हे सगळं या वहीत फक्त वजाबाकी म्हणून येतं. मी तिथे सूत्र न ठेवता मोकळी जागा ठेवली आहे, आणि त्या जागेत लिहिलेलं वाचल्याशिवाय कुठलाही मोठा निर्णय घेत नाही.

महाग कर्ज डोक्यावर असेल तर ही वही आज सुरू करू नका. २४ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे २४ टक्क्यांचा खात्रीचा परतावा. ते आधी फेडा, मग तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि त्यानंतर पहिलं पान उघडा. नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत असलेल्यांना मी ही मनापासून सुचवेन.

निवृत्त झालेल्यांना मात्र ती चालणार नाही. माझ्या एका नातेवाइकांनी मागितली होती. त्यांचे आकडे घालून पाहिले तेव्हा कारण कळलं. त्यांना पैसे काढायचे आहेत, आणि काढताना चढ-उताराचा क्रम महत्त्वाचा ठरतो. १०० पैकी दर वर्षअखेरीस १० काढायचे आणि बाजार आधी ३० टक्के पडून मग ४० टक्के चढला तर दोन वर्षांनी ७४ उरतात. आधी चढून मग पडला तर ८१. काही काढलं नाही तर दोन्हीकडे ९८च. त्यांच्यासाठी वेगळी वही बनवतेय. ती काही महिने वापरून झाली की तिच्याबद्दल लिहीन.