मोठ्या सागरी माशांसाठी टँक: चार फुटी, सहा फुटी की आठ फुटी?

एम्परर एंजल हा सागरी मासा दुकानात दिसतो तेव्हा जेमतेम तीन इंचांचा असतो. गडद निळं अंग आणि त्यावर एकात एक पांढरी वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. घरी चार फुटी टँक असला की हा त्यात सहज मावेल असंच वाटतं. मीही तसाच आणला होता. पुढे वर्तुळं जाऊन पिवळे-निळे पट्टे आले आणि मासा माझ्या वितीएवढा झाला. मग दिवसभर त्याचं एकच चालायचं. डाव्या काचेपर्यंत जायचं, अंग मुडपून वळायचं, उजव्या काचेपर्यंत यायचं. वळताना शेपूट खडकाला घासून तिची कड फाटली होती. शेवटी सहा फुटी टँक असलेल्या एका मित्राला तो देऊन टाकला. तिथे महिन्याभरात शेपूट भरून आली. तो मासा आजारी नव्हताच, त्याला वळायला जागा नव्हती.

म्हणून टँक ठरवताना "किती लिटरचा?" हा प्रश्न मी दुसरा धरतो. पहिला प्रश्न लांबी-रुंदीचा. हे मासे आडवे पोहतात. उंची वाढवली की लिटर वाढतात, पोहायची जागा तेवढीच राहते. शिवाय काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीनुसार वाढतो, म्हणजे उंच टँकला काच जाड लागते आणि पैसे नको तिथे जातात. मी एक ढोबळ हिशोब धरतो: टँकची लांबी माशाच्या पूर्ण वाढीच्या निदान सहापट आणि खडक सोडून मोकळी रुंदी दुप्पट. ह्या हिशोबाने चार फुटीत 20 सेंटिमीटरपर्यंतचा मासा बसतो, सहा फुटीत 30 आणि आठ फुटीत 40.

चार बाय दोन बाय दोन

पाणी साधारण 450 लिटर. मोठ्या माशांसाठी हा टँक नाही, हे स्पष्ट सांगतो. "सध्या ह्यात ठेवू, मोठा झाला की टँक बदलू" हा बेत बहुतेक घरांत तसाच राहतो. मासा दिसामासाने वाढतो. घराचं बजेट आणि भिंतीची लांबी त्याच्यासोबत वाढत नाही. पण ज्याला रुबाबदार मासा हवाय आणि जागा एवढीच आहे, त्याच्यासाठी स्नोफ्लेक ईल आहे. ती दोन फुटांपर्यंत वाढते, तरी हा हिशोब तिला लागू नाही, कारण ती खडकाच्या कपारीत वेटोळं करून बसते आणि बाहेर काढलेल्या तोंडाने तुमच्याकडे बघत राहते. झाकण मात्र घट्ट हवं. बोटभर फट राहिली तरी ती रात्री बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर सापडते. ड्वार्फ लायनफिशही ह्यात एकटा नीट राहतो.

सहा बाय अडीच बाय दोन

माझं मत विचाराल तर मोठ्या सागरी माशांची खरी सुरुवात इथून. पाणी सुमारे 850 लिटर. त्यातला तो अर्धा फूट जास्तीचा रुंदीचा मी सोडत नाही. पैसे वाचवायला बरेच जण सहा बाय दोन करतात, मागे खडक रचतात, आणि माशाला समोर सव्वा फुटाची गल्ली उरते. अडीच फुटांत खडक लावूनही माशाला पूर्ण गोल फिरता येतं.

ह्यात पिकासो ट्रिगर, पावडर ब्लू टँग, ब्लू टँग ह्यांची आयुष्यभराची सोय होते. एम्परर समुद्रात 40 सेंटिमीटरपर्यंत जातो, टँकमध्ये सहसा थोडा कमी राहतो. माझ्या हिशोबाच्या तो थोडा बाहेर जातो, तरी इथे एकटा चालतो, पण ह्या टँकची ती शेवटची मर्यादा समजा. क्लाउन ट्रिगर ह्यात ठेवू नका. तो 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वयाबरोबर इतका आक्रमक होतो की बाकीचे मासे कोपऱ्यात जाऊन बसतात.

दुसरा फायदा पाण्याचा. मोठा मासा कोळंबी, माकुल खातो आणि तेवढाच अमोनिया सोडतो. एखादा तुकडा खडकामागे अडकून सडला तर 450 लिटरमध्ये रात्रीत पाणी बिघडतं, 850 लिटरमध्ये तुम्हाला सकाळपर्यंत वेळ मिळतो. संप (टँकखालची गाळणीची टाकी) आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) मात्र टँकच्या लिटरकडे बघून घेऊ नका. मासे किती खातात ते बघा आणि त्याच्या एक माप वरचा घ्या.

मिठाचा खर्चही आधीच मांडा. लिटरला साधारण 36 ग्रॅम धरलं तर पहिल्या भरणीला चार फुटीत 16 किलो, सहा फुटीत 30 किलो, आठ फुटीत 60 किलोच्या वर. पुढे दर महिन्याला पंधरा टक्के पाणी बदलायचं तर सहा फुटीला साडेचार किलो मीठ आणि सव्वाशे लिटर आरओचं पाणी. आरओतून वाया जाणारं पाणी वेगळं. पाणी ठरावीक वेळेलाच येणाऱ्या सोसायटीत हे गणित आधी करायला हवं.

आठ बाय तीन बाय अडीच

पाणी 1,700 लिटर. नासो टँग, सोहल टँग, क्लाउन ट्रिगर ह्यांना निदान हा तरी लागतोच, मग त्यातला एखादा माझ्या 40 सेंटिमीटरच्या हिशोबाबाहेर गेला तरी. सोहल एका दमात सरळ सूर मारतो तेव्हा आठ फूट का हवेत ते डोळ्यांनी कळतं. पण पँथर ग्रुपर ह्यातही नको. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं ते गोड पिल्लू आपल्या बाजारातल्या हेकरूच्या कुळातलं आहे आणि 70 सेंटिमीटरपर्यंत वाढतं.

काचा लिफ्टमध्ये जात नाहीत. जिन्याने वर नेऊन टँक घरातच जोडावा लागतो आणि सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत पाणी भरता येत नाही.

स्लॅब आणि चिलर

सगळ्यात जास्त काळजी मला वजनाची वाटते. पाणी, काच, खडक, वाळू, स्टँड, संप सगळं धरून चार फुटी 650 किलोच्या आसपास जातो, सहा फुटी 1,200 च्या पुढे, आठ फुटी 2,400 च्या पुढे. आपल्याकडे राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो वापरभार (माणसं आणि सामानाचं वजन) धरून काढतात. दहा बाय बाराच्या खोलीचा हा भार सव्वादोन टनांच्या आसपास येतो. म्हणजे आठ फुटी टँक एकटाच अख्ख्या खोलीचा भार खाऊन टाकतो, तोही एका भिंतीलगत. स्लॅब लगेच खचेल असं मी म्हणत नाही, पण खाली कुणाचं तरी घर आहे. सहा फुटीपासून पुढे स्ट्रक्चरल इंजिनीअरला बीम कुठून जातो ते दाखवून घ्या. आठ फुटी मी तळमजल्यावरच सुचवतो.

मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात खोली 33 अंशांवर असते आणि माशांना पाणी 25 ते 27 अंशांचं लागतं. चार फुटीला साधारण पाव एचपी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) पुरतो, सहा फुटीला अर्धा, आठ फुटीला एक एचपी. तो टँकमधली उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे बंद खोलीत ठेवून उपयोग नाही. वीज गेल्यावर मोठ्या माशांना आधी प्राणवायू कमी पडतो, म्हणून निदान एक पॉवरहेड (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर हवाच.

"नाहीच जमलं तर समुद्रात सोडू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. लायनफिश मूळचे हिंदी-प्रशांत महासागरातले. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ते 1985 मध्ये पहिल्यांदा दिसले, बहुधा पाळणाऱ्यांनी सोडलेले, आणि आज कॅरिबियनभर तिथल्या माशांची पिल्लं फस्त करताहेत.

दुकानात जाण्याआधी घरी एक करून बघा. जिथे टँक ठेवायचा तिथे फरशीवर खडूने त्याची लांबी-रुंदी आखा, मागे खडकाची जागा रेघांनी भरा. मग पुठ्ठ्याचा मासा कापा, दुकानातल्या मापाचा नाही, पूर्ण वाढीच्या मापाचा. तो त्या चौकटीत ठेवा आणि हाताने एकदा पूर्ण वळवून बघा.