स्टोरीवीव्हर : वाचा, ऐका, छापून घ्या

प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे बालकथांचे मोफत संकेतस्थळ आमच्या घरात जवळजवळ रोज उघडले जाते. गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत; पहिलीत मोजके शब्द आणि मोठी चित्रे, तर चौथीत सराईतपणे वाचणाऱ्या मुलांसाठी लांब मजकूर असतो. मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ऐकत वाचायच्या गोष्टी, कारण आवाज पुढे सरकतो तसतसा पडद्यावरचा शब्द ठळक होत जातो, आणि माझी सहा वर्षांची भाची त्या शब्दाखाली बोट फिरवत, जोडाक्षरापाशी क्षणभर थांबून, तो स्वतः उच्चारून पाहते. आवडलेली गोष्ट पीडीएफ स्वरूपात उतरवून छापताही येते. खुल्या परवान्यामुळे श्रेय नमूद केले की शिक्षकांना वेगळी परवानगी मागावी लागत नाही, आणि खेड्यातल्या शाळेसाठी ही फार मोठी सोय आहे. भाषांतर मात्र कोणालाही करता येत असल्याने मराठीचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. त्यामुळे मुलांच्या हाती देण्यापूर्वी मोठ्यांनी गोष्ट एकदा नजरेखालून घालावी. मूळ मराठीतच लिहिलेल्या कथा येथे आणखी हव्यात, असे मनापासून वाटते.