मोजायला आले आणि आमची वहीच मोजून गेले

बीड जिल्ह्यातल्या 11 गावांत आमच्या छोट्या संस्थेने 2018 ते 2022 पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी बांध घालून अडवण्या-मुरवण्याचं काम केलं, पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कायद्याने समाजकामाला द्यायच्या निधीचा. 2021 पासून नियम आहे: ज्या कंपनीची सीएसआर जबाबदारी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने 10 कोटी किंवा त्याहून जास्त, तिने 1 कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पाचं, तो संपून वर्ष उलटल्यावर, त्रयस्थाकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यायचं. त्यासाठी कंपनीने पुण्याहून दोघांना पाठवलं. ते म्हणाले, "आधी चार दिवस सज्जता तपासतो. मोजण्यासारखं काही आहे का, ते बघू." आमचे खजिनदार उखडले, "तपासणीची तपासणी? म्हणजे कुंपणाला कुंपण!"

पहिल्याच दिवशी त्यांनी विहिरींच्या पाणीपातळीची वही मागितली. मी अभिमानाने काढून दिली. त्यांना अर्ध्या तासात दिसलं ते आम्हाला चार वर्षांत दिसलं नव्हतं. पहिल्या कार्यकर्त्याने विहिरीची खोली 'परस' या जुन्या मापात (एक परस म्हणजे साधारण एक माणूसभर उंची) लिहिली होती, दुसऱ्याने फुटांत. एकाने कठड्यावरून दोर सोडला, दुसऱ्याने जमिनीपासून मोजलं. कठडा तीन फुटांचा. ऑक्टोबरच्या नोंदी भरपूर, मे महिन्याच्या जवळजवळ नाहीतच (मे म्हणजे लग्नसराई, आम्ही सगळे मांडवात). पहिली नोंद 2018 च्या दुष्काळातली, शेवटची 2022 च्या भरपावसानंतरची. पाणी बांधाने वाढलं की ढगाने, कुणी सांगावं? शेजारच्या गावांशी तुलना करावी, तर तिथे सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेचे बंधारे.

मग प्रकल्प कशासाठी होता, हे त्यांनी सगळ्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. प्रस्तावात लिहिलंय 'भूजल पुनर्भरण', कार्यकर्ते म्हणाले टँकर बंद करणं, सरपंच म्हणाले दुसरं पीक. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

निकाल: परिणाम आत्ता मोजू नका, हाती खोटा आकडा येईल. बांध टिकलेत का, पाणी कुणाच्या शेतात जातं, एवढंच पाहा. विहिरींचं मोजमाप दोन पावसाळे नीट करा. वरातीमागून घोडं खरं, पण पुढच्या वरातीला तरी ते वेळेत निघेल.

तक्रारी दोन. अहवाल इंग्रजीत आला. मराठी दोन पानं मागे लागून मिळवावी लागली. आणि कंपनीला मार्चअखेर अहवाल हवाच होता, तो आत्ता का मिळणार नाही हे समजावणं आमच्याच गळ्यात टाकून दोघे पुण्याला गेले.

तरी या सज्जता-तपासणीला पाचपैकी चार गुण. बोलवायचंच तर पहिला बांध घालण्याआधी बोलवा, वही कोरी असताना.