आवाज दिला की मान हलवणारं अवतार टूल, महिनाभर वापरून

मी शिकवायचे व्हिडिओ बनवतो आणि कॅमेऱ्यासमोर बसायचा जाम कंटाळा, म्हणून हे घेतलं. एक फोटो द्यायचा, ऑडिओ टाकायचा, चेहरा बोलायला लागतो. ओठ आता बहुतेक टूल्स बरे हलवतात, मला बघायची होती मान, कारण ओठ बरोबर आणि मान खांबासारखी ताठ असली की समोरचा व्हिडिओ बंदच करतो.

सुरुवात तर भारी झाली. "हे नीट लक्षात ठेवा" म्हणताना मी "नीट"वर जोर दिला आणि अवतारने बरोब्बर तिथेच हनुवटी खाली आणली! यात जादू काही नाही म्हणा, बोलताना आवाजाचा चढउतार आणि मान बरीचशी जोडीने चालतात, मनहॉल नावाचा संशोधक आणि मंडळींच्या २००४ च्या प्रयोगात तर बोलणाऱ्याचं डोकं हलताना दिसलं की गोंगाटातही जास्त अक्षरं ओळखता येतात असं निघालं होतं.

पण साध्या मोडमध्ये दहा मिनिटांचा व्हिडिओ केला आणि मान नुसती डुलत राहिली, पाण्यावर सोडलेल्या बाहुलीसारखी. माझा अंदाज असा की एकच वाक्य आपण दहादा बोललो तर मान दहा तऱ्हांनी हलते, आणि टूलमधल्या न्यूरल नेटवर्कला (उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम) फक्त चूक कमीत कमी ठेवायला शिकवलं की ते सगळ्यांची सरासरी काढून मोकळं होतं, मग कसला झटका नाही की ठसका नाही.

दुसऱ्या मोडमध्ये दर वेळी वेगळी हालचाल येते, तो खरंच जिवंत वाटतो, फक्त तीन-चारदा रेंडर करून, म्हणजे व्हिडिओ तयार करून, त्यातलं एक निवडावं लागतं. एकदा तर "असं अजिबात करू नका" म्हणताना साहेब आनंदाने होकारार्थी मान हलवत होते, त्याला सूर ऐकू येतो, अर्थ कुठे कळतो.

लाइव्ह मोडच्या नादी लागू नका. रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये टूलला पुढचा आवाजही आधीच बघता येतो, लाइव्हमध्ये ती सोय नाही, त्यामुळे जोर देऊन होतो आणि मान मागाहून येते. मधे थांबलो की डोकं जागच्या जागी गोठतं ते वेगळंच.

पाचात तीन स्टार. सध्या दुसरा मोड, हालचालीचा स्लायडर अर्ध्यावर, आणि लांब पॉज आला की तिथे स्लाइड टाकतो.