नागपूरच्या उन्हाळ्यात काय वाचावे : काही पुस्तकांचे परीक्षण

उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस, कारण मृग लागला तरी आपल्याकडचे ऊन लगेच उतरत नाही. त्यामुळे नागपूरच्या घरांना सुट्टीचे जवळजवळ दोन आठवडे अधिक मिळतात, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंतचा सगळा वेळ घरातच काढावा लागतो. वाचनासाठी इतका सलग अवकाश वर्षात पुन्हा लाभत नाही. तरीही पुष्कळ घरांत सातशे-आठशे पानांची एखादी ऐतिहासिक कादंबरी मोठ्या उमेदीने आणली जाते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत ती शंभराव्या पानाच्या आसपास खूण घालून कपाटात ठेवली जाते.

माझ्या मते याचे कारण वाचकाच्या आळसात शोधू नये. कूलरच्या एकसुरी आवाजात, जेवणानंतरच्या गुंगीत आणि मध्येच वीज गेल्यावर पात्रांची वंशावळ लक्षात ठेवणे कोणालाही जड जाते. अशा वेळी वाचकाला धरून ठेवतो तो सांगणाऱ्याचा आवाज. म्हणून सीताबर्डीच्या दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर मलपृष्ठावरची स्तुती बाजूला ठेवून मधलेच एखादे पान उघडावे आणि दोन परिच्छेद वाचावेत. कोणी समोर बसून आपल्याशी बोलते आहे असे वाटले, तर ते पुस्तक उन्हाळ्यात निश्चित पूर्ण होते. पुढील पुस्तके मी याच कसोटीवर निवडली आहेत. त्यांपैकी एकही हलकेफुलके म्हणता येणार नाही, परंतु सगळी रंजक आहेत.

सर्वांत आधी विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघतो आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडतो. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. त्यामुळे तोफगोळे, लूट आणि कत्तल हे सारे आपल्याला लपून बसलेल्या, भुकेल्या आणि भ्यालेल्या एका सामान्य माणसाच्या डोळ्यांनी दिसते. इतिहासाच्या पुस्तकांत ही नजर सापडत नाही. भटजी आपले भय लपवीत नाहीत, दक्षिणा किती मिळाली आणि किती लुटली गेली याचाही हिशेब प्रामाणिकपणे देतात, आणि इतके सोसूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊनच घरी परततात. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीशी भेटते आणि भटजींना पाणी शेंदू न देता स्वतः शेंदते, तो प्रसंग वैशाखातल्या दुपारी वाचावा. त्या तहानेचा अर्थ नागपूरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खरेदी करताना मात्र आवृत्ती पाहून घ्यावी. भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध केले तेव्हा मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून संहिता छापली. मूळ संहितेची भाषा आरंभी काही पाने अडखळायला लावते, पण कान एकदा सरावला की वैद्यांची सफाईदार भाषा त्यापुढे फिकी वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र नागपूरकरांनी वाचावे याला आणखी एक कारण आहे. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने राहिले होते, आणि नागपूर सोडून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्याची गळ घातली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उलथून पडला. एवढ्या दुःखाची हकीगत सुट्टीत का वाचावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणांत मिळते. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा लहरी, उदार आणि संतापी स्वभाव, घरात पैसा नसताना दारी आलेले पाहुणे, यांविषयी ही बाई इतक्या निर्मळ विनोदाने सांगते की वाचताना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हाक मारून तेवढे पान ऐकवल्यावाचून राहवत नाही. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने लिहिलेले हे गद्य मराठीतील सर्वोत्तम गद्यांपैकी आहे, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता म्हणेन. प्रकरणे लहान आहेत, म्हणून वीज गेली तरी धागा तुटत नाही. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या आणि अखेरचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. तेथे आवाज बदललेला सहज कळतो.

'बनगरवाडी' ही व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची कादंबरी दोन दुपारींत वाचून होते, आणि वाचनाची सवय सुटलेल्या माणसाने सुरुवात येथूनच करावी असे मी सुचवीन. औंध संस्थानातील मेंढपाळांच्या वाडीवर नेमलेला कोवळ्या वयाचा मास्तर, त्याला हळूहळू आपलासा करणारा म्हातारा कारभारी, गावाने मिळून बांधलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने रिकामी होणारी वाडी, एवढाच ऐवज आहे. वाक्ये लहान आणि कोरडी आहेत, आणि लेखक कुठेही गळा काढत नाही.

मारुती चितमपल्ली यांच्याबाबतीत प्रश्न कोणते पुस्तक घ्यावे हा असतो. वनखात्यातील नोकरीत नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट या परिसरांत त्यांनी जे पाहिले, तेच त्यांच्या लेखनाचे भांडवल आहे, आणि ते स्वतः निवृत्तीनंतर दीर्घकाळ नागपुरात राहिले. 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र अधिक प्रसिद्ध असले तरी ते बरेच मोठे आहे, आणि त्यांच्या अनेक पुस्तकांत काही प्रसंग व माहिती पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे प्रथम वाचणाऱ्याने 'रानवाटा' हा ललितलेखांचा संग्रह घ्यावा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला जाणाऱ्यांनी तर तो आधीच वाचून ठेवावा, कारण जंगलात काय ऐकायचे हे त्यातून कळते, आणि तेथे नुसता वाघ शोधणारा माणूस पुष्कळ गोष्टींना मुकतो.

मुलांसाठी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आजही चालतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिले पुस्तक द्यावे आणि पुढचे त्याने मागेपर्यंत थांबावे.

एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. नागपूरच्या कोरड्या उन्हात नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तके कण्यापाशी तडकतात आणि पाने सुटी होतात, तर कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवलेल्या पुस्तकांची पाने ओल धरून फुगतात. म्हणून थोडे अधिक पैसे पडले तरी शिवलेल्या बांधणीची प्रत घ्यावी. गच्चीवर कमी उजेडात वाचायचे असेल तर अक्षरांचा आकारही दुकानातच पाहून घ्यावा, कारण जुन्या ग्रंथांच्या काही स्वस्त आवृत्त्यांत टंक इतका बारीक असतो की चांगले पुस्तकही नकोसे होते.

शेवटची शिफारस थोडी वेगळी आहे. नागपूरकर महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक घरातल्यांनी मिळून मोठ्याने वाचावे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कुटुंबप्रमुख तात्याजी गेल्यानंतरचे दिवस, वाटणीचा न बोललेला विषय, शिकायचे राहून गेलेली प्रभा, मुंबईहून आलेले सुधीर आणि अंजली, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, यांतले काहीच विदर्भातल्या वाचकाला परके नाही. वाड्यातल्यांच्या तोंडी असलेले वऱ्हाडी वळणाचे संवाद आपल्या जिभेवर आपसूक बसतात, आणि अभिनय न येणाराही ते नीट वाचतो. एका संध्याकाळी एक अंक पुरेसा होतो. आईची भूमिका घरातल्या सर्वांत वडील बाईंना द्यावी, कारण त्या पात्राचे बोलणे थोडे असले तरी त्यातला प्रत्येक शब्द जपून वाचावा लागतो; आणि हे नाटक आवडले तर त्याच कुटुंबाची पुढली कथा सांगणारी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही दोन नाटके याच क्रमाने घ्यावीत.