टी-७२ रणगाड्याचं १/३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) मॉडेल: पावसाळा काढल्यानंतर एका जुन्या ड्रायव्हरचं मत

सुटे भाग जोडून करायच्या मॉडेलचा डबा (किट) होळीच्या सुमारास आला, मॉडेल दिवाळीत पूर्ण झालं. डबा उघडल्या दिवशीच पाच तारे देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

मी आर्मर्ड कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलात होतो. शिकलो नगरला, के.के. रेंज या लष्करी सराव मैदानावर, आणि नंतरची बरीचशी नोकरी राजस्थानात टी-७२ चालवण्यात गेली. रेजिमेंटचं नाव देत नाही आणि किटच्या कंपनीचंही नाही. माझ्या तक्रारी एका डब्यावरून आहेत, तुमचा डबा चांगला निघू शकतो.

टी-७२ चे बरेच प्रकार आहेत, घेताना डब्यावर 'एम१' लिहिलंय का ते बघा. चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बनलेला आपला 'अजेय' तोच. बी आणि बी३ स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यावर बहुतेक वेळा स्फोटक चिलखताच्या विटा बसवलेल्या असतात, ती आमची गाडी नव्हे. 'उराल' या सुरुवातीच्या प्रकाराचा इन्फ्रारेड सर्चलाइट तोफेच्या डावीकडे असतो, एम१ चा उजवीकडे. चित्र बघून एवढं ओळखता आलं तरी फसगत टळते. आणि शोकेस आधी मोजा. खरी गाडी तोफेसकट साडेनऊ मीटर, म्हणजे मॉडेल सत्तावीस सेंटिमीटर होतं.

जोडणी बहुतेक छान. हल (गाडीचं धड), दोन्ही बाजूंची सहा-सहा रोडव्हील, मागचे स्प्रॉकेट (दातेरी चाकं), सगळं घासाघीस न करता बसलं. तामिया कंपनीचा पातळ सिमेंट (प्लॅस्टिक चिकटवायचा द्रव) वापरला. फटीला ब्रश टेकवला की सिमेंट आपोआप आत ओढला जातो. पुढचा डावा फेंडर (चाकांवरचा पत्रा) मात्र वाकलेला निघाला, तो गरम पाण्यात धरून सरळ केला. ट्रॅक (चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्या) रबरी पट्ट्याचे आहेत आणि ते ताठ उभे राहतात. वरचा भाग स्कर्टखाली (बाजूच्या पडद्याखाली) झाकला जातो म्हणून निभावलं, पण पुढच्या आयडलरपाशी (ट्रॅक ताणून धरणाऱ्या चाकापाशी) ट्रॅक असा फुगलेला बघून ड्रायव्हरला चैन पडत नाही. परवडत असेल तर सुट्या लिंकचा ट्रॅक वेगळा घ्या. पितळी पत्र्याचे बारीक भाग मी निम्मे तसेच ठेवून दिले. साठीनंतर ते चिमट्यात धरणं म्हणजे शिक्षा आहे, दिव्याचं भिंग असलं तरी.

ड्रायव्हरचं झाकण उघडं ठेवता येतं, पण आत काहीच नाही. ना दोन लिव्हर, ना सीट. मी ते बंद करून चिकटवलं. भोक दिसण्यापेक्षा बरं.

डिकल शीटवर (मॉडेलवर चिकटवायच्या खुणांच्या कागदावर) चार देशांच्या खुणा आहेत, भारताच्या नाहीत. गाडीचा नंबर, त्याच्या आधीचा तो वर जाणारा बाण, पुढचं फॉर्मेशन चिन्ह (डिव्हिजन किंवा ब्रिगेडची खूण), सगळं ट्रेसिंग पेपरचं स्टेन्सिल कापून रंगवावं लागलं. नंबर खरा टाकला नाही.

आता रंग. ऑलिव्ह हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे, इथवर सोपं आहे. पाण्यातले ॲक्रिलिक उन्हाळ्यात एअरब्रशच्या टोकावरच सुकतात, सुकणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घालाच. मॅट वार्निश मात्र पावसाळ्यात मारू नका. साताऱ्याच्या जुलैत त्यावर पांढरट साय धरते. मी सरळ नवरात्रापर्यंत मॉडेल झाकून ठेवलं.

माझं खरं भांडण आहे ते व्हिडिओ बघून केलेल्या 'वेदरिंग'शी, म्हणजे गाडी वापरलेली दिसावी म्हणून केलेल्या रंगकामाशी. जो तो गाडी गंजवतो. ट्रॅक तांबडे, टरेटवरून (तोफेच्या फिरत्या घुमटावरून) गंजाचे ओघळ, कोपरा न् कोपरा खरवडलेला. असली गाडी मेंटेनन्स परेडला उभी केली असती तर रिसालदार साहेबांनी आम्हाला दिवसभर तिच्याखालीच झोपवलं असतं. वाळूत चालणाऱ्या ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग घासून चकाकतो, तिथे मी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं. रंग उडतो तो जिथे बूट पडतात तिथे: पुढचा फेंडर, माझ्या झाकणाची कड, टरेटवर चढताना हात जातो ती कडी. एक्झॉस्ट डाव्या बाजूला आहे, म्हणून काजळी फक्त डाव्या फेंडरवर मागे आणि खालच्या स्कर्टवर. डिझेलचे डाग मागच्या इंधनाच्या ड्रमच्या तोंडाशी. बाकी गाडीवर धूळ, आणि धूळच. ही अंगणातून आणू नका. अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात साडेसतरा मिलिमीटरची खडी होतो. खडू किसून, कापडातून गाळून घ्या.

"अहो, एवढी कोरी गाडी केली आणि आता मातीत घालताय?" असं घरून ऐकावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

गाडीवर लादायचं सामान डब्यात जवळजवळ नाहीच. मागचा ओंडका (गाडी रुतली तर ट्रॅकखाली घालायचा) प्लॅस्टिकचा होता, तो काढून बाभळीची काटकी लावली. टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून तिरपाल झालं, गॉज बँडेज चहात उकळून कॅमोफ्लाज नेट. टो-केबल (ओढायचा दोर) तांब्याच्या तारा पिळून. फोटो आमच्या जुन्या गनरला पाठवला तर रोहतकहून उलट फोन, "मेरी केतली कहाँ है?" मग टरेटच्या मागे केटलीही लागली. मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते या शेवटच्या महिन्यातच, कारण सूचनापत्रकातली गाडी कारखान्यातून निघालेली असते, तिच्यात कोणी राहिलेलं नसतं.

चार तारे देतो. पाचवा ट्रॅक आणि डिकलने घालवला. पुढचा डबा सेंच्युरियन या जुन्या रणगाड्याचा आणलाय. त्यासाठी नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन सस्पेन्शन नीट बघून यायचं आहे. १९९४ पासून ते सगळ्यांना खुलं आहे, वहीपेन घेऊन जा.

नातवंडासाठी घेत असाल तर १/३५ नको, १/७२ घ्या. भाग कमी असतात आणि बिघडलं तरी पदरचे फार जात नाहीत.